जगणं हेही त्याचं काम होतं

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा वर्षानुवर्षं पाठ न सोडणारं नैराश्य घेऊन जगलेला माणूस गेला, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न येतो निधनवार्तेचा. बहुतेक घरं ‘अल्पशा आजाराने’ असं छापून मोकळी होतात. शोकसभा झालीच तर शाळेतली हुशारी सांगितली जाते, दहावीचे मार्क, एखादं बक्षीस, आणि मग एकदम ‘सुटला बिचारा’. मधली पंचवीस-तीस वर्षं कुणी उच्चारत नाही. माझा भाऊ असा आजार घेऊन जगला आणि गेला. त्याची हकीकत इथे सांगणार नाही. ती सांगण्याचा अधिकार पुरता माझा नाही. पण शुभार्थीची बहीण म्हणून, आणि पुढे मदतगटांमध्ये अशी अनेक घरं जवळून पाहून जे मत बनलं, ते कारणांसह मांडते. (रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत आम्ही पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडून उचलली. पुढे तेच शब्द वापरते.) माझं म्हणणं एवढंच आहे की अशा माणसाची आठवण जपताना आपण एकतर आजार लपवतो, नाहीतर आजाराचीच कहाणी करून टाकतो. कसंही केलं तरी, त्या आजारासकट दिवस काढायला त्याने रोज जे कष्ट घेतले, ते गहाळ होतात. त्याच्या आयुष्याचं मुख्य काम तेच होतं, आणि त्याचीच नोंद कुठे राहत नाही.

हे कष्ट बाहेरून दिसत नाहीत, म्हणून थोडं तपशिलात जायला हवं. कानात आवाज येत असताना कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा लिटर दूध आणायचं, एवढंच काम घ्या. आधी अंथरुणातून उठायचं. या आजारात काही करण्याची उमेदच आटते. डॉक्टर ते आजाराचं लक्षण मानतात, घरचे आळस म्हणतात. मग कालचा शर्ट बदलायचा. जिन्यात उभा असलेला शेजारी आपल्याचबद्दल बोलत होता ही खात्री मनातून हटत नसताना त्याच्या समोरून जायचं. दुकानदार किती रुपये म्हणाला ते आतल्या आवाजांच्या गलक्यातून वेगळं करून ऐकायचं. सुटे पैसे मोजायचे. औषधाने थरथरणारा हात पिशवीआड धरायचा. आणि घरी येऊन काही विशेष घडलं नाही अशा चेहऱ्याने पिशवी ओट्यावर ठेवायची. हे ज्याने महिनोन्महिने केलं, त्याच्याबद्दल घरात वाक्य उरतं, ‘तो काहीच करत नसे.’ गोळ्यांचंही तसंच. ओलान्झापिन, क्लोझापिन यांनी वजन वाढतं, रक्तातली साखर वाढते. क्लोझापिनने रात्री लाळ इतकी गळते की सकाळी उशीचा अभ्रा ओला असतो. जुन्या औषधांनी हातपाय आखडतात, किंवा एका जागी बसवत नाही अशी तगमग होते. अमेरिकेत सुमारे १,५०० रुग्णांवर झालेला ‘केटी’ नावाचा मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १८ महिने पुरे व्हायच्या आत ७४ टक्के रुग्णांचं ठरवून दिलेलं औषध थांबलं, कुणाचं गुण येईना म्हणून, कुणाचं त्रास सोसवेना म्हणून, कुणी स्वतःच नको म्हटलं म्हणून. डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीखाली ही गत. मग वीस वर्षं रोज रात्री गोळी घेणाऱ्या, मधे सोडली तरी पुन्हा सुरू करणाऱ्या माणसाला कर्तबगार म्हणायला आपली जीभ का अडखळते?

माझ्या मते याचं कारण शुभंकराच्या आठवणीत आहे. सांभाळणाऱ्याला आठवतात त्या संकटाच्या रात्री: आरडाओरडा, घरातून निघून जाणं, पोलीस चौकी, रिक्षात घालून केलेली भरती, गाणगापूरच्या वाऱ्या, कुणीतरी सुचवलेला देवऋषी, आणि येरवड्याचं किंवा ठाण्याचं मनोरुग्णालय. या आठवणी खऱ्या आहेत. त्या सांभाळणाऱ्याच्या हालांच्या आहेत, आणि ते हाल मी कमी लेखत नाही. पण त्यांवरून त्या माणसाचं आयुष्य मोजलं तर माप चुकतं. पडताळून पाहायचं असेल तर दवाखान्याची फाइल काढावी. प्रत्येक शुभंकराच्या कपाटात ती असते: प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी पडून फाटत आलेले केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पुढची तारीख. पानं क्रमाने लावून वाचली की दिसतं, भरतीच्या नोंदी मोजक्या आहेत. मधली बहुतेक पानं एका ओळीची आहेत: झोप बरी, आवाज कमी, औषध तेच चालू. एकेका ओळीमागे महिना-दोन महिने आहेत. त्या दिवसांत त्याने जेवण केलं, क्रिकेट पाहिलं, भाचीला गणित शिकवलं, बिल भरायला रांगेत उभा राहिला, चारचौघांत गप्प बसला. घराच्या आठवणीत ही पानं नाहीत, कारण त्या दिवशी घरात काही ‘झालं’ नव्हतं. काही झालं नाही, याचं बरंचसं श्रेय त्याचं होतं.

फाइल वाचण्यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि ती निधनवार्तेतल्या त्या ‘अल्पशा आजाराशी’ थेट जोडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. लोकांना वाटतं याचं कारण आत्महत्या असणार. आत्महत्येचा धोका खरोखरच जास्त असतो, पण यांतले बहुसंख्य मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार, संसर्ग अशा शरीराच्या रोगांनी होतात. त्यामागे औषधांनी वाढलेलं वजन असतं, बिडी-सिगारेट असते, आणि छातीत दुखतंय असं सांगितलं तरी ‘याचं नेहमीचंच’ म्हणून न ऐकणारे कान असतात. त्यात घरचे असतात तसे इतर विभागांतले डॉक्टरही असतात. म्हणजे पन्नाशीत हार्ट अटॅकने गेलेल्या शुभार्थीचा मृत्यू त्याच्या मानसिक आजारापासून पूर्ण वेगळा काढता येत नाही. आपण फक्त ‘हृदयविकाराने निधन’ एवढंच सांगितलं, की शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या शुभार्थीच्या आईला कुणी सांगत नाही की बाई, मुलाची साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर, कोलेस्टेरॉल ठरावीक काळाने तपासून घ्या, मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना हे कागदही न्या, आणि तो दुखतंय म्हणाला तर आधी दुखतंय असं धरूनच चाला. हे सांगायचं तर आधी त्याला काय होतं ते सांगावं लागतं.

सांगण्याच्या विरोधात सर्वांत जोरात येतो तो पुढच्या पिढीच्या लग्नांचा मुद्दा. तो मी झटकणार नाही. पत्रिकेआधी ‘घरात कुणी वेडं नाही ना’ अशी चौकशी करणारी स्थळं आजही आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही विशिष्ट प्रकारचा मानसिक आजार हा विवाह रद्द ठरवण्याचा आणि घटस्फोटाचा आधार आहे. आई-वडील घाबरतात ते उगाच नाही. पण त्या भीतीचा हिशेब कधीतरी आकड्यांत मांडायला हवा. सर्वसाधारण लोकांत स्किझोफ्रेनियाची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या भावंडाला असेल तर ती शंभरात नऊच्या घरात जाते, आणि काका-मामाला असेल तर तीन-चारच्या. म्हणजे ज्या पुतणीच्या लग्नासाठी काकाचं अस्तित्व पुसायचं, तिला तो आजार न होण्याची शक्यता शंभरात शहाण्णवच्या आसपास आहे. आता दुसरी बाजू. ज्या तीन-चार जणांना धोका आहे, त्यांना माहिती असण्याचा उपयोग फार मोठा आहे. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो, हे स्वीडनमधल्या लष्करभरतीच्या तरुणांच्या नोंदींवरून १९८७ सालीच पुढे आलं, आणि नंतरच्या अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला इतर मुलांपेक्षा हे जास्त ठामपणे सांगायला हवं, आणि का सांगतोय तेही सांगायला हवं. घरात बायपोलर असेल तर मुलीच्या बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तिच्या झोपेवर नीट लक्ष ठेवावं लागतं. प्रसूतीनंतर एकाएकी उसळणारा तीव्र मनोविकार अशा घरांतल्या मुलींत जास्त आढळतो. घरातल्या एकाला लिथियम चांगलं लागू पडलं असेल, तर दुसऱ्यासाठी औषध निवडताना डॉक्टर ते लक्षात घेतात. ओपीडीतल्या पहिल्या भेटीत ‘घरात आधी कुणाला?’ हा प्रश्न येतोच. त्याला ‘कुणालाच नाही’ असं प्रामाणिकपणे खोटं उत्तर देणारी मुलं आपण तयार करतो, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितकं पुढे सावरणं अवघड, यावर आज फारसं दुमत नाही. पुसून टाकलेला काका त्या उशिरात काही महिने सहज घालतो. लग्नाबद्दल माझा सल्ला साधा आहे. ठरण्याच्या टप्प्यावर, डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या आकड्यांसह, आपण होऊन सांगावं. ज्या स्थळाला ते झेपत नाही, त्याला लग्नानंतर कळलं असतं तर मुलीचे हाल जास्त झाले असते.

लपवण्यामागे आणखी एक जुनी भीती आहे, विशेषतः आयांच्या मनात. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी असा विचार मांडला की विशिष्ट स्वभावाच्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं पाश्चात्त्य मानसोपचारात या कल्पनेने धुमाकूळ घातला. तिला पुरावा मिळाला नाही आणि शास्त्राने ती टाकून दिली. मात्र ‘आईने फार लाडावलं’, ‘बापाने फार मारलं’, ‘लग्न वेळेत केलं नाही म्हणून’ ही तिची देशी भावंडं आपल्याकडे ठणठणीत आहेत. मयताला आलेली माणसंसुद्धा दारात चपला काढताना अशी वाक्यं बोलून जातात. आईच्या गप्प बसण्यात लाज असते त्याहून जास्त हा आरोप पुन्हा ऐकायची धास्ती असते. म्हणून स्मरणाची जबाबदारी एकट्या आई-वडिलांवर टाकू नये. भावंडांनी, भाच्या-पुतण्यांनी पुढे व्हावं, आणि हा आजार कुणाच्या वागण्याने झालेला नाही हे पहिल्याच वाक्यात म्हणावं. घरातल्या सततच्या टीकेने, चिडचिडीने आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं हे खरं आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी ते दाखवलं. पण उलटण्याला हातभार लागणं वेगळं आणि आजार निर्माण करणं वेगळं. दुःखात असलेल्या आईसमोर हा फरक स्पष्ट राखला पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याने स्वतःच कधी सांगितलं नसेल, तर तो गेल्यावर आपण कोण सांगणारे? याला माझं उत्तर असं की विचारायची वेळ मृत्यूनंतरची नसतेच. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शुभार्थीला बरंच काही दिलं आहे. स्वतःचे वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क दिला आहे, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे बऱ्या अवस्थेत लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याचाही. कायदा ज्याला आपल्या उपचारांबद्दल निर्णय घ्यायला सक्षम धरतो, त्याला आपल्या आठवणीबद्दल विचारायला आपण का कचरतो? तब्येत ठीक असताना, शांतपणे विचारता येतं: तुझ्या आजाराबद्दल कुणाला सांगितलेलं चालेल? काय सांगू? काय सांगू नको? काही जण भ्रमाच्या काळात आपण काय बोललो हे कुणाला कळू देऊ नका म्हणतील, आणि ते ऐकलंच पाहिजे. काही जण आश्चर्य वाटेल इतक्या मोकळेपणाने हो म्हणतील. विचारायचं राहून गेलं असेल तर मी एक रेघ ओढते. निदान आणि उपचार जवळच्या रक्ताच्या नात्यांत सांगावेत, कारण त्यांचा तब्येतीशी संबंध आहे. त्याच्या भ्रमांचा, उघडंवाघडं होण्याचा, शिव्यांचा तपशील कुणालाच सांगू नये. न्यूमोनियाने गेलेल्या आजोबांच्या तापातल्या बडबडीचं आपण वर्णन करत बसत नाही.

आजार सांगायला तयार झालेली घरं कधीकधी दुसऱ्या टोकाला जातात. आजाराला प्रतिभेचा मुलामा देतात. बिहारचे गणिती वशिष्ठ नारायण सिंह यांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९६९ साली त्यांनी बर्कलीहून पीएच.डी. केली, परतल्यावर कानपूरची आयआयटी, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था इथे शिकवलं. स्किझोफ्रेनियाने त्यांचं आयुष्य उलथंपालथं केलं. १९८९ मध्ये पुण्याकडे येणाऱ्या रेल्वेप्रवासात ते बेपत्ता झाले आणि १९९३ मध्ये बिहारमध्ये छपऱ्याजवळ सापडले. २०१९ च्या नोव्हेंबरात पाटण्यात ते गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मृत्यूनंतर सगळीकडे फिरलं ते मात्र ‘आइन्स्टाईनला आव्हान देणारा माणूस’ हे वाक्य, ज्याला धड आधार कुणी दाखवलेला नाही. त्यांचा खरा प्रबंध होता, खरी नोकरी होती, सापडल्यानंतरची पंचवीसेक वर्षं होती, आणि त्या वर्षांत त्यांना सांभाळणारं भावाचं घर होतं. त्यांतलं फारसं काही आइन्स्टाईनच्या गोष्टीत मावलं नाही. जॉन नॅशचंही तेच. २००१ चा हॉलिवूडचा चित्रपट आपल्याकडेही खूप जणांनी पाहिला. त्यात नॅश नव्या औषधांवर असल्याचं म्हणतो. प्रत्यक्षात १९७० नंतर त्याने औषधं घेतली नव्हती, आणि त्याला माणसं दिसत नसत, आवाज ऐकू येत. चित्रपटात बायको अखेरपर्यंत सोबत राहते. प्रत्यक्षात ॲलिशियाने १९६३ मध्ये घटस्फोट घेतला, १९७० मध्ये कायदेशीर नातं उरलेलं नसताना त्याला पुन्हा आपल्या घरात आसरा दिला, आणि २००१ मध्ये दोघांनी परत लग्न केलं. औषधांबद्दल चित्रपटकर्त्यांना काळजी वाटली असेल तर ती मी समजू शकते. नॅशचं पाहून कुणी गोळ्या सोडल्या तर अनर्थ व्हायचा. पण घटस्फोट का वगळला? थकून दूर झालेली आणि तरीही दार उघडणारी बाई ही शुभंकरांना खरी वाटणारी, धीर देणारी बाई आहे. सुंदर केलेल्या गोष्टीतली बाई त्यांना अपराधी वाटायला लावते. आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये ‘देवराई’ केला. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचा मोठा हात होता. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या वाणींच्या पत्नीला हा आजार होता, आणि पुण्यातल्या असोसिएशनचे संस्थापकही तेच. त्या चित्रपटातला शेष प्रतिभावंत म्हणून मोठा केलेला नाही. त्याला देवराईचं वेड आहे, तिच्याबद्दलचं ज्ञान आहे, आणि त्याला सांभाळताना बहिणीच्या घराची होणारी ओढाताणही आहे. घरच्या आठवणीला इतपत माप मला पुरेसं वाटतं.

आता तो आक्षेप, जो बहुधा रडत रडत मांडला जातो: ‘तुम्ही कष्ट म्हणता, आम्ही मार खाल्लाय.’ मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात, उलट हिंसा त्यांच्याच वाट्याला जास्त येते. पण हे वाक्य मार खाल्लेल्या बायकोच्या तोंडावर फेकणं क्रूरपणा आहे. काही घरांत आजाराच्या भरात मारहाण झाली आहे, पैसे उडाले आहेत, मुलांची बालपणं करपली आहेत. अशा बायकोने किंवा मुलाने स्मरण केलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. त्यांनी माफ करावं असंही नाही. मी एवढंच म्हणेन की त्यांना जमेल तेव्हा, त्यांच्यासाठीच, दोन हकीकती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात: त्याने काय केलं, आणि त्या वेळी त्याचा आजार कुठल्या थराला होता, उपचार चालू होते की नव्हते. काही गोष्टी आजाराच्या नावावर जातील, काही जाणार नाहीत. व्यसन, स्वभाव, बाईला कमी लेखण्याची सवय हे सगळं स्किझोफ्रेनियाच्या खात्यात टाकायचं कारण नाही. आजारी माणूसही चुकीचा वागू शकतो; तेवढं स्वातंत्र्य त्याच्याकडून काढून घेतलं तर तो माणूसच उरत नाही.

आत्महत्येने गेलेल्यांबद्दल लिहिताना मात्र काही बंधनं मी काटेकोर पाळते आणि पाळायला सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. त्या तक्त्यांत माणसं कारणांच्या रकान्यांत वाटलेली असतात: कौटुंबिक समस्या, आजारपण, कर्ज. घरंही तसंच करतात, ‘नोकरी गेली म्हणून’, ‘ती सोडून गेली म्हणून’ असं एक कारण पकडतात आणि आयुष्यभर कुणा एकाला दोषी धरतात. जवळजवळ प्रत्येक वेळी कारणं अनेक असतात आणि त्यांत बरेचदा उपचार न झालेला किंवा अपुरा झालेला आजार असतो. म्हणून आत्महत्येने गेला हे स्पष्ट सांगावं, मुलांनाही त्यांच्या वयाला समजेल असं. कसं ते सांगू नये, चिठ्ठी कुणाला वाचून दाखवू नये, एकच कारण देऊ नये, आणि ‘सुटला’ म्हणू नये, कारण ते वाक्य ऐकणारा एखादा तरुण स्वतःसाठीही तीच वाट मनात धरतो. मागे राहिलेल्यांनाही धोका असतो. त्यांच्या झोपेकडे, एकटं राहण्याकडे पहिलं वर्षभर कुणीतरी नेमाने लक्ष द्यावं. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने जुने प्रयत्न लपवण्याचंही कारण आता राहिलेलं नाही. आधी उल्लेख केलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ आलेलंच नाही.

ज्यांना आठवायलाच कुणी नाही अशांचाही उल्लेख करायला हवा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. देशाला साखळदंड लक्षात राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ते चांगलंच झालं. पण ती माणसं आगीआधी कोण होती, कुठल्या गावची, काय काम करणारी, हे किती जण सांगू शकतील? आपल्याकडच्या मनोरुग्णालयांतही बऱ्या होऊन वर्षं लोटली तरी घरून कुणी न्यायला न आलेली माणसं आहेत. त्यांच्या नातलगांपैकी कुणी हे वाचत असेल तर स्मरणाचा विचार नंतर करावा, आधी भेटायला जावं.

लिहायचं कसं, तर फार जुळवाजुळव न करता. गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत लिहू नये, त्या लिखाणात एकतर राग येतो नाहीतर देव्हारा. वर्षश्राद्धाच्या आसपास फाइल काढावी, पानं तारखेने लावावीत, आणि एका वहीत दोन रकाने आखून डावीकडे दवाखान्याची नोंद, उजवीकडे त्याच सुमाराला घरात काय चाललं होतं ते लिहावं: कुठलं काम करत होता, कुणाशी पटत होतं, काय वाचत होता, कुठल्या गाण्याला रेडिओ मोठा करायचा, कुठली गोळी नको म्हणायचा आणि का. त्याचे मित्र राहिले असतील तर त्यांना विचारावं. आजारानंतर भेटलेले मित्र जास्त उपयोगी, कारण त्यांना ‘पूर्वीचा’ तो माहीतच नसतो, म्हणून ते तुलना करत नाहीत. चहावाला, वाचनालयातल्या बाई, पुनर्वसन केंद्रात शेजारच्या मशीनवर बसणारा, यांच्याकडून कळणाऱ्या गोष्टी घरच्यांना बहुधा नव्या असतात. औषधांची नावं आणि काळ नीट लिहावेत, पुढच्या पिढीच्या डॉक्टरला लागतील. भरतीच्या तारखा लिहाव्यात, पण भरतीची वर्णनं नकोत. वंशावळ किंवा कुलवृत्तांत छापला जात असेल तर त्याच्या नावापुढे ‘अविवाहित’ एवढंच लिहून पुढे जाऊ देऊ नका. इतरांचं शिक्षण, नोकरी, गाव लिहिता तसं त्याचंही लिहायला लावा, आणि घरच्यांची हरकत नसेल तर आजारही. एक प्रत घरात ठेवावी. त्याने हयातीत हो म्हटलं असेल तर दुसरी, नावगाव बदलून, मदतगटाला द्यावी. तिथे नुकतंच निदान झालेल्या मुलांचे आई-वडील येतात, मागच्या रांगेत बसतात, आणि सभा संपल्यावर हळूच विचारतात की पुढची वीस-तीस वर्षं असतात तरी कशी. डॉक्टर त्यांना सरासरी सांगू शकतात. एका खऱ्या माणसाने ती कशी काढली, त्यातली किती वर्षं घरी, किती कामावर, किती दिवस दवाखान्यात, हे सांगणारं लिखाण त्यांच्या हातात ठेवायला आज फार थोड्या गटांकडे आहे.